उघाडी

पुनवेच्या उधाणाला वाघखारच्या बांधातली उघाडी निसटली. जाड लाकडाचं दार ते. ओहोटीला आतलं पाणी खाडीत जाऊ द्यायचं आणि भरती चढली की पाण्याच्याच रेट्यानं घट्ट मिटून बसायचं, एवढंच त्याचं काम. पण बिजागरी खाऱ्यानं खाल्ली होती. भरतीनं दार आत ढकललं. सकाळी हिरामण आगरावर आला तेव्हा पिकायला आलेल्या मिठाच्या वाफ्यांवर खाडीचं गढूळ पाणी उभं होतं.

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पाण्याकडं पाहिलं आणि टोपी परत घातली.

"झालं मीठ," मागून ठमाबाई म्हणाली. "आता बघत काय ऱ्हायलाव? दार लावा आधी. दुपारची भरती तुमच्यासाठी थांबनार नाय."

नवरा-बायकोनं दार दोरांनी आवळलं, मागं दगड रचले. मग पाणी उपसलं. पण खरं काम त्याच्यापुढं होतं. वाफ्याचा तळ भिजून लोण्यासारखा झाला होता आणि तो पुन्हा तुडवायचा होता. टाच रोवायची, चवडा दाबायचा, दुसरा पाय त्याला चिकटून टाकायचा. बोटभर जागा सुटली तरी खारं पाणी तिथून मुरतं आणि वाफा पिकत नाही. यंत्र नाही, फळी नाही. मिठाचा तळ माणसाच्या पायांनीच घडतो.

ठमाबाई तुडवत होती. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. डाव्या पोटरीवर निळ्या शिरा दुधीच्या वेलासारख्या वळत वर गेलेल्या, मधेमधे गाठी. घोट्याच्या आतल्या अंगाला कातडी काळपट आणि ताणलेली, कोळशावर भाजलेल्या वांग्यासारखी चकचकीत, आणि त्यात चिंचोक्याएवढी जखम. पाऊस गेल्यापासून ती भरत नव्हती. खारं पाणी लागलं की ठमाबाई दात आवळायची आणि तोंडातल्या तोंडात रामकृष्णहरी म्हणायची. एका पावलाला एक नाम. त्यामुळं बाकीच्या बायांना वाटायचं, ठमी भारी भक्तीची.

"बस जरा बांधावर," हिरामण म्हणाला.

"बसली तर उठताना दोन मानसं लागतील. ऱ्हाऊ दे."

"केसरनं दोरा बांधलाय ना? गुन आला का?"

ठमाबाईनं गुडघ्याखालच्या काळ्या दोऱ्याकडं पाहिलं. शेजारच्या केसरनं तो मंतरून आणला होता आणि शिरा वर चढू नयेत म्हणून करकचून बांधला होता. दोरा मांसात रुतला होता.

"आला की. आता दोराबी दुखतो."

*

सप्ताह तोंडावर आला होता. वाघखारच्या विठोबाच्या देवळात सात दिवस नामाचा गजर खंडत नाही, आणि गजर खंडत नाही म्हणजे वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याच्या गळ्यात वीणा तो बसत नाही. पहारा संपेपर्यंत उभा. पहारा बदलताना घेणारा आधी देणाऱ्याच्या पायांवर डोकं टेकवतो, मग वीणा गळ्यात घेतो, मग देणारा त्याच्या पाया पडतो. सासरा असो की जावई, शेटजी असो की आगरावरचा गडी, त्या वेळेपुरता वीणेकरी तो देवाचा.

पूर्वी बायकांना वीणा मिळत नसे. पण गावचे गडी न्हावा शेव्याच्या यार्डात कामाला लागले. रात्रीच्या पहाऱ्याला माणसं यायची, दिवसाच्या पहाऱ्याला देवळात तीन म्हातारे आणि एक मांजर. एका वर्षी भरदुपारी बदलीचा माणूसच आला नाही. वीणा धरलेला म्हातारा चक्कर येऊन डुलायला लागला, तेव्हा पंगतीसाठी तांदूळ निवडत बसलेली ठमाबाई उठली, हात धुतले, त्याच्या पायांवर डोकं टेकवलं आणि वीणा गळ्यात घेतली. कुणी काही बोललं नाही, कारण बोलायला कुणी नव्हतंच. तेव्हापासून दुपारचा पहारा ठमाबाईचा. तिच्यामागून केसर आली, आणखी चारजणी आल्या.

एरवी ठमाबाई उभी असायची ती चुलीपुढं, आगरात, नळावर, कुणासाठी तरी. दुपारच्या त्या पहाऱ्यात ती स्वतःसाठी उभी असायची. तारेवर बोट फिरलं की तो एकच सूर छातीच्या फासळ्यांत घुमायचा. मग कीर्तनात बुवांनी सांगितलेलं सारं तिला आपोआप आठवायचं, बुवांच्या हातवाऱ्यांसकट.

*

सून हेमाली बंदराजवळच्या ऑफिसात कंटेनरचे कागद करायची. नवरा केतन ट्रेलरवर, चारचार दिवस बाहेर. रविवारी हेमाली सासूच्या पायाला तेल लावायला बसली आणि तिला वास आला.

"आई, हे पिकलंय."

"खाऱ्यानं होतं."

"खाऱ्यानं नाही होत. आमच्या ऑफिसातल्या एका मॅडमला सेम होतं. उद्या पनवेलला जायचं. मी रजा टाकते."

"सप्त्याच्या तोंडावर मना कापाकापी नको."

"कापायचं मी म्हटलंच नाही. बाबा, तुम्ही सांगा ना यांना."

हिरामणनं बायकोकडं पाहिलं, मग सुनेकडं, आणि जी कमी ओरडेल तिच्या बाजूला गेला. "जाऊन तर येऊ, ठमे. दाखवायला काय जातंय?"

पनवेलची डॉक्टरीणबाई लहान चणीची, केस आखूड कापलेली. तिनं आधी पावलावरची नाडी चाचपली, मग कात्री घेऊन काळा दोरा कापला. ठमाबाईनं हात पुढं केला, दोरा घेतला आणि कनवटीला लावला.

"किती वर्षं आहे हे?"

"केतन पोटात व्हता तवा पैली शीर वर आयली."

"आणि आजवर दाखवलं नाहीत?"

"बाईचा पाय कोन बघतंय? दिसला तर बोलतात, लुगडं खाली घे."

डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं ठमाबाईला पाटावर उभं केलं, मांडीला गार चिकट काहीतरी लावलं आणि यंत्राचा दांडा टेकवला. खाली पोटरी दाबली. यंत्रातून सूं करून आवाज आला. तिनं पोटरी सोडली. आणि मग तोच आवाज उलटा, लांब, थांबतच नाही असा.

"ऐकलंत? दाबलं तेव्हा रक्त वर गेलं. सोडलं तर परत खाली आलं. ते यायला नको. शिरेच्या आत छोट्या झडपा असतात. रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. तुमच्या झडपा बिघडल्यात."

ठमाबाई यंत्राकडं बघत राहिली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

"म्हंजे उघाडी," ती म्हणाली.

"काय?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेला हिरामण एकदम पुढं सरकला. "बांधातलं दार असतं बगा, बाई. ओहोटीला पानी बाहेर सोडतं, भरतीला मिटतं. दार मोडलं तर खाडी आत. आमच्या आगराचं आत्ताच मोडलंय."

"अगदी तेच," डॉक्टरीणबाई म्हणाली. तिनं ठमाबाईच्या जांघेजवळ बोट ठेवलं. "तुमची उघाडी इथं मोडली. म्हणून रोज पायात भरती. पाणी साचून साचून कातडी कुजली, म्हणून जखम भरत नाही. पोटरी म्हणजे पंप आहे. चाललात की पंप चालतो, रक्त वर जातं. एका जागी उभ्या राहिलात की पंप बंद."

"मंग नवीन दार बसवा."

"या शिरेला दार बसवत नाहीत. तो फाटाच बुजवायचा. बारीक तार आत घालून लेझरनं आतून शेकायचं, की शीर चिकटून बंद होते. वरच्या बारक्या शिरांना फेसाचं इंजेक्शन. पूर्वी मोठी शीर ओढून काढायचे, अजूनही काहींना तसं करावं लागतं. तुम्हाला लेझर पुरेल. त्याच दिवशी चालत घरी."

"फाटा बुजवल्यावर पानी जायाचं कुठनं?" हिरामणनं विचारलं. हेमालीनं त्याच्याकडं आश्चर्यानं पाहिलं. बाबा कुणाला कधी प्रश्न विचारत नसत.

"आत खोलवर मोठी खाडी आहे, काका. ती चांगली आहे, मी आत्ताच बघितली. बहुतेक रक्त तिच्यातूनच जातं."

"आन परत कवा नाय होनार?"

"तशी हमी मी देत नाही. उद्या दुसरी शीर फुगू शकते. पण ही जखम भरेल, आणि भरलेली राहायची शक्यता खूप वाढेल."

ठमाबाईला हे आवडलं. हमी न देणारं माणूस तिनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

लेझरची तारीख सप्ताहानंतरची मिळाली. तोवर जखमेवर पट्टी, वर घट्ट मोजा, सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी घालायचा, झोपताना काढायचा. खाऱ्या पाण्यात पाय नाही. निजताना पाय छातीच्या वर. चालायचं हवं तेवढं. एका जागी उभं राहायचं नाही.

"आणि ही शीर कातडीला अगदी लागून आहे," निघताना डॉक्टरीणबाई म्हणाली. "कधी फुटलीच तर घाबरायचं नाही. लगेच आडवं करायचं, पाय उंच, आणि जिथून रक्त येतं तिथं दाबून धरायचं. वर दोरीबिरी आवळायची नाही."

रिक्षात हेमाली हळूच म्हणाली, "आई, एका जागी उभं राहायचं नाही. मग पहारा?"

"गप बस."

*

घर दोन खोल्यांचं. पाय उंच करून निजायचं तर ते देव्हाऱ्याकडं होत होते. हिरामणनं खाट फिरवली तर ते चुलीकडं झाले. पुन्हा फिरवली तर दाराकडं.

"दाराकडं मढ्याचे पाय करतात," ठमाबाई म्हणाली. "मी अजून हाय."

शेवटी हिरामणनं खाट जागेवर ठेवली आणि देव्हाराच उचलून उशाच्या भिंतीला लावला. हळद-कुंकू वाहून झाल्यावर तो देवाला म्हणाला, "तुलाच सरकवला. रागावू नको. तिला सरकवायचा परयत्न केला मी."

सकाळचा मोजा म्हणजे झटापट. हेमाली खाली बसून ओढायची, ठमाबाई खाट धरून बसायची.

"पिशवीत बोंबील कोंबतात तशी कोंबतेस गो मला."

"आई, हलू नका. टाच बसली. आता वर."

मोजा कातडीच्या रंगाचा, बोटं उघडी, गुडघ्यापर्यंत. बांधावर केसरनं पाहिला आणि कमरेवर हात ठेवले. "आता गो! ठमाबाय शिनेमातल्या बायांवानी मोजे घालाय लागली. नाचनार हायेस का सप्त्यात?"

"तूच नाच. तुझ्या दोऱ्यानं माझा पाय तुटाचा ऱ्हायला. ह्यो घे तुझा दोरा."

केसरनं दोरा घेतला आणि हिरमुसून स्वतःच्या मनगटाला बांधला. पण ठमाबाई बांधावरून टोपल्या मोजत चालत राहिली, आणि संध्याकाळी घोटा पहिल्यांदा घोट्यासारखा दिसला.

*

सप्ताह बसला. ठमाबाई दुपारी देवळात आली, चप्पल बाहेर काढली, पायरीवर डोकं टेकवलं. सभामंडपाच्या दारात गणराज उभा होता. सप्ताह कमिटीचा अध्यक्ष, स्वतःचे ट्रेलर, आणि मंडपातली पांढरीशुभ्र नवी फरशी त्यानंच बसवून दिलेली. दाराशी त्याच्या नावाची पाटी होती.

"काकी, मोजा."

"दवाखान्याचा हाय रं."

"असंल. पन पायातलं ते पायातलं. देवळात चपला-मोजे चालत नाय. आन आत जखम हाय ती. वीणा गळ्यात घेनार, बदलीचा मानूस पायाला डोकं लावनार. लोक काय बोलतील?"

"लोक कोन? तूच बोलतोस."

"मी एकटा नाय. नेम हाय, काकी. नायतर पहारा दुसरीला देतो. वाईट वाटून घेऊ नको."

मागं केसर पुटपुटली, "मागल्या साली पुढारी आलता तो मोज्यासकट गाभाऱ्यापात्तूर गेला. तवा नेम जेवाया गेलता वाटतं."

कुणी हसलं. गणराजचे कान लाल झाले. ठमाबाईनं हिरामणकडं पाहिलं. तो पंगतीच्या चुलीवरून आला होता, हातात भाताचा झारा. त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं.

मंडपात वीणा वाजत होती. बदलीची वेळ झाली होती. ठमाबाई पायरीवर बसली आणि मोजा खाली गुंडाळला. पट्टीही सोडली. दोन्हीची गुंडाळी चपलेशेजारी ठेवली. देवासाठी एवढं करायला काय हरकत, असं तिनं मनाशी म्हटलं. पण ते देवासाठी नव्हतं हे तिला तेव्हाच ठाऊक होतं. तिला दारातून परत जायचं नव्हतं, एवढंच.

ती उभी राहिली. पहिल्या दिवशी पाय ठणकला. दुसऱ्या दिवशीही मोजा पायरीवरच; फरशी गार आणि पाय तापलेला, पोटरीत कुणी शिसं ओतल्यासारखं. समोर विठोबा विटेवर, कमरेवर हात ठेवून. तिनं त्याच्या पावलांकडं पाहिलं. तुला बरं आहे, दगडाला शिरा नसतात, असं तिच्या मनात आलं आणि तिनं गालात चापट मारून घेतली.

तेवढ्यात घोट्यावर काही गरम लागलं. मांजर असेल असं वाटलं. मग फरशीवर टिप टिप आवाज आला. तिनं खाली पाहिलं. घोट्याच्या आतून रक्ताची दोऱ्याएवढी चिळकांडी उडत होती, पांढऱ्या फरशीवर लांब.

"अगो माझे बाय!" केसर ओरडली.

मृदंग थांबला. गणराज धावत आला आणि चार हातांवर थबकला. "फरशी... वीणा! आधी वीणा घ्या कुनीतरी! खाली टेकंल!"

कुणी पुढं येईना. वीणा घ्यायची म्हणजे आधी पायांवर डोकं टेकवायचं, आणि पाय रक्तात होते. ठमाबाई दोन्ही हातांनी वीणा धरून उभी राहिली. तिचं बोट तारेवर फिरत होतं. ते थांबलं नव्हतं. पण मंडप तिच्याभोवती भरतीच्या पाण्यासारखा हलायला लागला होता.

हेमाली त्या दिवशी अर्धी रजा टाकून बाहेर भांड्यांना बसली होती. ती आत आली, राखेच्या हातांनी, ऑफिसच्या कुर्त्यात. रक्तात पाय ठेवला, वाकली, सासूच्या पावलावर डोकं टेकवलं आणि वीणा स्वतःच्या गळ्यात घेतली. तिच्या कपाळावर, टिकलीच्या वर, रक्त लागलं होतं.

"सोडा आई. मी धरलीय. टेकवत नाही खाली."

"तिला येतंय का वाजवाया?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"वाजवते ना," हेमाली म्हणाली आणि तारेवर बोट मारलं. सूर वाकडातिकडा निघाला. पण निघाला.

ठमाबाईचे गुडघे दुमडले. तोवर हिरामण पोचला होता. त्यानं तिला तिथंच फरशीवर आडवी केली, कमरेचा पंचा सोडून जखमेवर दाबला, आणि तिचा पाय उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला. पाय सरळ गाभाऱ्याकडं झाला.

"अरे पाय! पाय देवाकडं!" दोनतीन आवाज एकदम आले. "हिरामण, फिरव तिला!"

"रक्त थांबल्याबिगर फिरवत नाय."

"काका, देवाच्या म्होरं बायकोचा पाय खांद्यावर? लाज..." गणराज बोलायला लागला.

हिरामणनं मान वर केली. घामानं त्याचे डोळे चुरचुरत होते, पण दोन्ही हात गुंतलेले होते. असा चढा आवाज गावानं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"लाज तुला वाटू दे. मोजा तू काढवलास. आन मी झारा घेऊन गप उभा ऱ्हायलो, ती माझी लाज, ती माझी मी बगंन. देवाला इचार जा, त्याला चालतंय का! तो जलमभर उभा हाय. उभं ऱ्हायाचं दुखनं त्याला कळत नसंल तर कुनाला कळनार?"

मंडपात फक्त हेमालीची वाकडी तार वाजत होती. ठमाबाई फरशीवर पडल्या पडल्या विठोबाकडं बघत होती. तिच्या पायाच्या बोटांच्या मधोमध त्याचा मुकुट दिसत होता. इतका नीट तो तिला कधीच दिसला नव्हता. दुपारच्या पहाऱ्यात ती नेहमी मान खाली घालून उभी असायची.

रक्त थांबलं.

*

डॉक्टरीणबाई रागावली. आधी ठमाबाईला, मग हेमालीला, मग हिरामणला. "दाबून धरलंत म्हणून आलात," असंही म्हणाली. तारीख अलीकडं ओढली. दुसऱ्याच दिवशी मांडीत सुया टोचून जागा बधीर केली, तार घातली. ठमाबाईला गुडघ्यापासून जांघेपर्यंत काहीतरी सरकत गेल्यासारखं वाटलं, आणि चुलीवर दूध करपल्यासारखा वास आला. वरच्या गाठींत फेसाचं इंजेक्शन. मग पट्टी, मोजा, आणि "चला, आता दवाखान्यात फेऱ्या मारा."

ठमाबाईनं फेऱ्या मारल्या. दोन दिवसांचं शिसं पायातून निघून गेलेलं नव्हतं, पण खाली कुणी ओढत नव्हतं.

"बाई, सप्ता अजून संपला नाय," ती म्हणाली.

"मी काय सांगितलं होतं?"

"एका जागी उभं ऱ्हायाचं नाय. चालाचं हवं तेवढं."

डॉक्टरीणबाईनं मोज्याची वरची कड ओढून नीट केली. "मोजा काढायचा नाही. कुणासाठी नाही. अर्धाच वेळ, आणि चालत. पाय दुखला की बसायचं."

काल्याच्या आदल्या संध्याकाळी गणराज घरी आला, हातात सफरचंदांची पिशवी. खाटेच्या कडेला बसला.

"काकी, तुझा आराम म्हत्त्वाचा. उद्याचा दिवस आमी बघतो. फरशी घासून घेतली, डाग गेला. कुनाच्या मनात काय नाय."

"माझ्या मनात हाय. उद्याचा पहारा माझा. मोजा घालून येनार. आन एका जागी उभी ऱ्हानार नाय, मंडपात फिरनार."

"वीणेकरी फिरत नाय, काकी."

"वीना खाली टेकवाची नाय, ह्यो नेम. ज्याच्या गळ्यात त्यानं बसाचं नाय, ह्यो नेम. चालाचं नाय ह्यो नेम कुनी केला? कीर्तनात बुवा चार पावलं म्होरं जातो, चार मागं येतो. तवा देव उठून जातो का?"

"आन मोजा?"

"मोजा म्हंजे चप्पल नाय. माझी उघाडी मोडलीय, ते तिचं दार हाय. दार काढून कुनी भरतीत उभं ऱ्हातं का?"

गणराजनं सफरचंदांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कमिटी नाय बोलली तर?"

दाराआडून केसर आत आली. ती केव्हाची तिथंच होती. "तर दिवसाचा पहारा कमिटीनं करावा. उद्या ठमाबाय नाय तर मी नाय. त्या चारजनीबी नाय, मी इचारून आलीय. तुझे डायवर यार्डात, पोरं कामावर. सकाळपासनं रातीपात्तूर तूच वीना धर. नायतर टेकव खाली, काल्याच्या दिवशी. गावाला सांग कशापायी टेकवली ती."

गणराज उठला. पिशवी विसरून गेला.

"सफरचंदं गोड हायेत," थोड्या वेळानं हिरामण म्हणाला.

*

काल्याच्या दिवशी मंडप भरला होता. बाहेर दहीहंडी टांगलेली, पोरं लाह्या खात होती. ठमाबाईनं चप्पल बाहेर काढली, मोजा तसाच ठेवून आत आली. आधीच्या पहाऱ्याला हेमाली होती. तीन दिवस तिनं रोज एक पहारा केला होता, आणि तार आता सरळ वाजत होती. सासूनं सुनेच्या पायांवर डोकं टेकवलं. हेमालीला भलतंच अवघड वाटलं, ती पाय मागं घ्यायला लागली.

"थांब. नेम हाय," ठमाबाई म्हणाली.

वीणा गळ्यात आली तशी ती चालायला लागली. खांबापासून खांबापर्यंत, देवापुढून वळून परत. टाच रोवायची, चवडा दाबायचा, पुढचं पाऊल. आगरात तळ तुडवावा तसं, एका पावलाला एक नाम. आधी लोक बघत राहिले. मग टाळकऱ्यांतला एकजण तिच्या पावलावर टाळ मारायला लागला, मग दुसरा, आणि गजराला चालीची लय मिळाली. हिरामण चुलीवरून उठून दारात उभा राहिला. झारा आतच ठेवून आला होता.

अर्धा पहारा झाला. पुढं आला तो गणराज, अंगात नवा सदरा, कपाळाला बुक्का. अध्यक्षानं काल्याला वीणा धरायची, हा मान त्याचाच. त्यानं हात पुढं केले.

"दे, काकी."

ठमाबाई थांबली नाही. जागच्या जागी पाऊल टाकत राहिली. बोट तारेवर.

"दे की."

"नेम काय हाय रं?"

टाळ थांबले. गणराजनं मागं पाहिलं. सगळं गाव बघत होतं. तो वाकला, हात तिच्या पावलांच्या वर हवेत फिरवले आणि कपाळाला लावले.

"टेकव," ठमाबाई म्हणाली. आवाज चढा नव्हता. "माझी सून रक्तात टेकवून गेली. हितं तर धुतलेला मोजा हाय."

क्षणभर वाटलं, तो फिरेल आणि निघून जाईल. वीणेचा सूर चालूच होता. मग गणराज गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात फरशीला लावले, आणि कपाळ तिच्या डाव्या पावलावर, मोज्यावर टेकवलं. ठमाबाईनं त्याच्या डोक्यावरून वीणा त्याच्या गळ्यात घातली. मग ती सावकाश वाकली, खांबाला हात धरून, आणि त्याच्या पायांवर आपलं डोकं टेकवलं. पुरतं टेकवलं.

बाहेर हंडी फुटली.

संध्याकाळी ती खाटेवर पडली, पाय उशांवर, देव उशाशी. हेमालीनं मोजा सोलून काढला आणि मोरीत घेऊन गेली.

"आई, याच्यावर काळा डाग पडलाय."

"बुक्का हाय त्यो, गणराजच्या कपाळाचा."

"मग? ठेवू असाच?"

"कशाला ठेवतेस? धू. सकाळी घालाचाय मना."